बाहुली, वेश आणि स्त्री : युरोपातील ‘पांडोरा’ ते जपानमधील ‘लोलिटा’ वेश – एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : फॅशन बाहुली, पांडोरा, स्त्रीवेश, शोजो संस्कृती, लोलिटा वेश, शिवणकाम.

प्रस्तावना

बाहुली हे मुलींचे खेळणे आणि वेश ही स्त्रियांची हौस, अशी समजूत सर्वसाधारणपणे रूढ आहे. त्यामुळे राजकीय वा आर्थिक इतिहासाच्या अभ्यासात या दोहोंना दुय्यम स्थान मिळत आले. प्रत्यक्षात युरोपच्या इतिहासात अनेक शतके बाहुली हे वेशभूषेच्या प्रसाराचे प्रमुख साधन होते. राजदरबार, व्यापारी पेठा, शिंपी आणि उच्चकुलीन स्त्रिया यांना जोडणारा तो एक महत्त्वाचा दुवा होता. पुढील काळात बाहुली आणि स्त्री यांच्या नात्याची दिशा बदलली. प्रारंभी बाहुलीला स्त्रीसारखे नटवले जाई. पुढे स्त्रीने बाहुलीसारखे दिसावे अशी अपेक्षा निर्माण झाली. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमधील काही तरुणींनी तोच बाहुलीसारखा वेश स्वेच्छेने, किंबहुना समाजाची नापसंती पत्करून, अंगीकारला.

प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. बाहुलीसारखा वेश म्हणजे स्त्रीच्या पराधीनतेचे चिन्ह, असे एक मत आहे. तो तिच्या स्वातंत्र्याचा आविष्कार आहे, असे दुसरे. या दोन्ही मतांत वेशाच्या रूपावरच भर दिलेला दिसतो. वेशाचा अर्थ केवळ त्याच्या रूपावरून ठरत नाही. कोण कोणाला नटवते, कोणाच्या नजरेसाठी नटवते आणि तो वेश कोणाच्या हातांनी शिवला जातो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून तो ठरतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

दरबारी दूत : युरोपातील फॅशन बाहुली

छापील चित्रे सुलभ होण्यापूर्वी एका देशातील पेहराव दुसऱ्या देशात समजावून सांगणे अवघड होते. वर्णनावरून शिंप्याला कापड बेतता येत नसे. या अडचणीवर युरोपातील दरबारांनी शोधलेला उपाय म्हणजे संपूर्ण पेहराव चढवलेली बाहुली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्सच्या दरबारातून इंग्लंडच्या राणीसाठी अशा बाहुल्यांचे कपडे तयार करवून घेतल्याच्या नोंदी आढळतात. १४९६ मध्ये फ्रान्सची राणी अ‍ॅन ऑफ ब्रिटनी हिने स्पेनची राणी इझाबेला हिच्यासाठी बाहुली तयार करवली. पहिला पेहराव पुरेसा भारदस्त न वाटल्याने तिला पुन्हा नव्याने नटवण्यात आले. १६०० मध्ये चौथ्या हेन्रीने आपली नियोजित वधू मारी दे मेदिची हिला फ्रेंच पेहरावाची कल्पना यावी म्हणून नमुन्याच्या बाहुल्या पाठवल्या. परक्या देशातून सासरी येणाऱ्या राणीने तेथील स्त्रियांसारखे दिसावे, ही अपेक्षा तिच्या आगमनापूर्वीच बाहुलीच्या रूपाने तिच्यापर्यंत पोहोचत असे.

सतराव्या व अठराव्या शतकांत या प्रथेला व्यापारी स्वरूप प्राप्त झाले. पॅरिसच्या र्‍यू सँतोनोरे या रस्त्यावरील दुकानांतून नटवलेल्या बाहुल्या युरोपभर रवाना होत. त्यांना ‘पांडोरा’ असे नाव पडले. मोठी पांडोरा समारंभी पेहरावात असे आणि धाकटी पांडोरा घरगुती वेशात. व्हेनिसमध्ये अशा फ्रेंच बाहुलीला ‘पियावोला दे फ्रांझा’ म्हणत आणि ती दुकानात मांडलेली पाहण्यास स्त्रिया गर्दी करीत. इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध चालू असतानाही या बाहुल्यांना वाट मोकळी ठेवली जात असे. १७१२ मध्ये ‘द स्पेक्टेटर’ या लंडनच्या नियतकालिकाने पॅरिसहून आलेल्या बाहुलीभोवती जमणाऱ्या स्त्रियांवर उपहासात्मक लेख छापला. ही प्रथा लोकांच्या किती परिचयाची होती हे त्यावरून दिसून येते.

या व्यापारातील सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे रोझ बेर्तां (१७४७–१८१३). साध्या कुटुंबात जन्मलेल्या या स्त्रीने र्‍यू सँतोनोरेवर ‘ल ग्राँ मोगोल’, म्हणजे ‘थोर मुघल’, या नावाचे दुकान थाटले. पौर्वात्य वैभवाविषयीचे तत्कालीन युरोपीय आकर्षण या नावात प्रतिबिंबित झाले आहे. राणी मारी आंत्वानेत हिच्या पेहरावाची ती प्रमुख सल्लागार होती आणि तिने नटवलेल्या बाहुल्या युरोपातील दरबारांत जात. एखाद्या व्यावसायिक स्त्रीने राणीच्या रुचीवर इतका प्रभाव गाजवावा, याबद्दल सरदारवर्गात नाराजी होती. वेश कोण परिधान करते यापेक्षा तो कोण ठरवते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असू शकतो, हे या उदाहरणावरून प्रथमच ठळकपणे पुढे येते.

इतिहासकाराच्या दृष्टीने या बाहुल्यांचे आणखी एक मोल आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘लॉर्ड आणि लेडी क्लॅपहॅम’ या नावाने ओळखली जाणारी १६९० च्या दशकातील बाहुल्यांची जोडी आहे. या बाहुल्यांच्या अंगावरील आतले कपडे, परकर, कंबर आवळणारी कंचुकी, वरचा झगा, मोजे, पादत्राणे हे सर्व थर सुस्थितीत आहेत. माणसांचे जुने कपडे झिजतात, उसवले जातात, दुसऱ्या मापाला बेतले जातात. बाहुलीचे कपडे मात्र जसेच्या तसे राहतात. एक पेहराव पूर्ण होण्यासाठी कोणता थर कोणत्या थरावर चढवला जाई, हे म्हणूनच आज या बाहुल्यांवरून समजते.

१७८५ मध्ये पॅरिसमध्ये ‘काबिने दे मोद’ हे वेशभूषेचे नियतकालिक सुरू झाले. रंगीत छापील चित्रे बाहुलीपेक्षा स्वस्त आणि पाठवण्यास सोपी होती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात दरबारी दूत म्हणून बाहुलीचे कार्य जवळजवळ संपुष्टात आले आणि ती मुलींच्या खोलीत शिरली. भावी राणी व्हिक्टोरियाच्या बालपणीच्या १३२ लाकडी बाहुल्या प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी अनेकींचे कपडे तिने आणि तिची शिक्षिका बॅरोनेस लेहझेन हिने स्वतः शिवले होते. शतकाच्या मध्यास पॅरिसमधील ह्युरे, झ्युमो अशा निर्मात्यांनी चिनीमातीच्या मस्तकाच्या, संपूर्ण कपडेपेटीसह विकल्या जाणाऱ्या बाहुल्या तयार केल्या. पेहराव कसा जुळवावा याचे शिक्षण मध्यमवर्गीय मुलीला आता या बाहुलीकडून मिळू लागले.

बाहुलीसारखी स्त्री : एक टीका

बाहुली मुलीच्या हाती आल्यावर तिच्याविषयीचा वैचारिक वादही सुरू झाला. रूसोने ‘एमिल’ (१७६२) या ग्रंथात मुलींना नटण्याची व बाहुलीची आवड उपजतच असते असे मानले आणि बाहुलीला नटवणारी मुलगी पुढे स्वतःच आपली बाहुली होईल, असे सूचित केले. मेरी वुलस्टनक्राफ्ट हिने स्त्रियांच्या हक्कांचे समर्थन करणाऱ्या १७९२ च्या ग्रंथात या मताचा समाचार घेतला. मुलींना घरात कोंडून ठेवले जाते, धावण्या-खेळण्याची मोकळीक दिली जात नाही, म्हणून त्या बाहुलीकडे वळतात. हा निसर्गाचा नव्हे तर शिक्षणाचा परिणाम आहे, असा तिचा युक्तिवाद होता.

या टीकेला सर्वांत प्रभावी नाट्यरूप हेन्रिक इब्सेन याने ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकात दिले. २१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगन येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. आधी वडिलांची आणि नंतर पतीची बाहुली म्हणून जगलेली नोरा अखेरीस घर सोडते. नाटकातील नृत्याचा पोशाखही पतीने तिच्यासाठी निवडलेला आहे, ही बाब या अभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. या नाटकाचा प्रभाव जगभर पसरला. मराठी रंगभूमीवर अनंत काणेकर यांचे ‘घरकुल’ (१९४१) हे त्याचे रूपांतर आले आणि मो. ग. रांगणेकर यांच्या ‘कुलवधू’ (१९४२) या नाटकावरही त्याची छाया दिसते. ‘बाहुली’ हा शब्द परावलंबी स्त्रीसाठी रूढ होण्यात या नाटकाचा वाटा मोठा आहे.

जपान : पेटीतील मुलगी आणि ‘फ्रेंच बाहुली’

जपानमध्ये बाहुलीची परंपरा स्वतंत्र आणि प्राचीन आहे. ३ मार्चच्या ‘हिना मात्सुरी’ या मुलींच्या सणाला पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर सम्राट, सम्राज्ञी व दरबारी यांच्या बाहुल्या मांडल्या जातात. सम्राज्ञीच्या अंगावर हेइआन काळातील अनेक थरांचा दरबारी पोशाख असतो. सण संपताच बाहुल्या पेटीत ठेवायच्या असतात. उशीर झाल्यास घरातील मुलीचे लग्न लांबते, अशी समजूत आहे. जपानी भाषेत जपून, बाहेरच्या जगापासून दूर वाढवलेल्या मुलीला ‘हाकोइरी मुसुमे’, म्हणजे पेटीत ठेवलेली मुलगी, म्हणतात. १८८३ मध्ये किशिदा तोशिको या वक्तीने ओत्सु येथे याच विषयावर भाषण करून मुलींच्या कोंडमाऱ्यावर टीका केली. त्या भाषणाबद्दल तिला अटक झाली.

इब्सेनची नोरा १९११ मध्ये टोकियोच्या रंगभूमीवर अवतरली. ‘बुंगेई क्योकाई’ या संस्थेच्या त्या प्रयोगात मात्सुइ सुमाको हिने नोराची भूमिका केली. त्याच वर्षी हिरात्सुका राइचो हिने ‘सेइतो’ हे स्त्रियांचे नियतकालिक सुरू केले आणि १९१२ च्या प्रारंभी त्यात नोराविषयी विशेष चर्चा घडवून आणली. म्हणजेच बाहुलीपणाविषयीची स्त्रीवादी टीका जपानी सुशिक्षित स्त्रियांना विसाव्या शतकाच्या आरंभापासून परिचित होती. पुढील काळात तेथे विकसित झालेला बाहुलीवेश या टीकेच्या अज्ञानातून आलेला नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक ठरते.

याच काळात ‘शोजो’ ही संकल्पना आकाराला येत होती. १८९९ च्या कायद्याने मुलींच्या उच्च शाळांचा विस्तार झाला. त्यांचे घोषित उद्दिष्ट ‘उत्तम पत्नी, सुज्ञ माता’ घडवणे हे होते. परंतु बालपण आणि विवाह यांच्या मधली काही वर्षे त्यामुळे मुलींच्या वाट्याला आली. या वर्षांचे स्वतंत्र भावविश्व १९०८ मध्ये सुरू झालेल्या ‘शोजो नो तोमो’ यांसारख्या मासिकांनी घडवले. समीक्षक होंदा मासुको यांनी १९८० च्या दशकात फडफडणाऱ्या फिती व झालरी हे या भावविश्वाचे वैशिष्ट्य मानले. झालर उपयोगाची नसते. विवाहाच्या बाजारातील उपयुक्ततेपासून काही काळ मुक्त असलेल्या मुलीचे ते चिन्ह ठरते.

या परंपरेतील मध्यवर्ती व्यक्ती म्हणजे नाकाहारा जुनइची (१९१३–१९८३). त्यांच्या कारकिर्दीचा प्रारंभ बाहुल्या घडवण्यापासून झाला. जपानमध्ये पाश्चात्त्य झगा घातलेल्या कापडी बाहुलीला ‘फ्रेंच बाहुली’ म्हटले जाई. १९३० च्या दशकारंभी टोकियोतील एका मोठ्या दुकानात त्यांच्या अशा बाहुल्यांचे प्रदर्शन भरले आणि त्यातून त्यांना ‘शोजो नो तोमो’चे चित्रकार म्हणून काम मिळाले. त्यांनी रेखाटलेल्या मोठ्या डोळ्यांच्या, सडपातळ मुली अतिशय लोकप्रिय झाल्या. परंतु युद्धकालीन लष्करी सत्तेला ही नाजूक प्रतिमा राष्ट्रकार्यास मारक वाटली आणि १९४० मध्ये नाकाहारांना मासिक सोडावे लागले. स्त्रियांनी ‘मोंपे’ ही कामाची सैल विजार घालावी, असा तेव्हाचा आग्रह होता.

त्याच युद्धाने बाहुल्यांचाही बळी घेतला. अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतरविषयक कायद्याने जपानी लोकांना मज्जाव केल्यावर निर्माण झालेली कटुता कमी व्हावी म्हणून सिडनी गुलिक या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने १९२७ मध्ये १२,७३९ अमेरिकन बाहुल्या जपानी शाळांना भेट देण्यात आल्या. जपानने किमोनो परिधान केलेल्या ५८ मोठ्या बाहुल्या परतभेट म्हणून पाठवल्या. युद्धकाळात ‘निळ्या डोळ्यांच्या’ बाहुल्यांना शत्रू ठरवून त्यांपैकी बहुसंख्य नष्ट करण्यात आल्या; शिक्षकांनी लपवून ठेवलेल्या व अन्य कारणांनी बचावलेल्या सुमारे तीनशेच आज शिल्लक आहेत. शस्त्रसज्ज राष्ट्राला झालरीचा झगा घातलेली बाहुलीही धोकादायक वाटावी, यातच तिचे सांस्कृतिक सामर्थ्य दिसून येते.

युद्धोत्तर काळ : सुई कोणाच्या हाती?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातही बाहुली पुन्हा दूत बनली. मार्च १९४५ मध्ये पॅरिसमध्ये ‘तेआत्र द ला मोद’ हे प्रदर्शन भरले. कापड व अन्य साहित्याची तीव्र टंचाई असल्याने माणसाच्या आकाराच्या सुमारे एकतृतीयांश उंचीच्या, तारेच्या दोनशेच्या आसपास बाहुल्या तयार करून पॅरिसमधील नामवंत वेशकारांनी त्यांना नटवले. एलिआन बोनाबेल हिने त्यांची कल्पना रेखाटली होती. एक लाखाहून अधिक लोकांनी हे प्रदर्शन पाहिले. पुढे ते लंडन, न्यूयॉर्क आदी शहरांत गेले. जमलेला निधी युद्धपीडितांच्या साहाय्यासाठी होता. परंतु पॅरिसचे वेशक्षेत्रातील अग्रस्थान जगाला पुन्हा पटवून देणे हाही त्याचा हेतू होता. पांडोराचे जुने कार्यच येथे नव्याने पार पडले.

जपानमध्ये नाकाहारांनी १९४६ मध्ये ‘सोरेइयु’ आणि १९४७ मध्ये ‘हिमावारी’ ही नियतकालिके काढली. जुन्या किमोनोच्या कापडातून झगा कसा बेतावा, गळपट्टीला लेस कशी लावावी, उरलेल्या तुकड्यांचे काय करावे, याचे मार्गदर्शन त्यांतून केले जाई. शिवणशाळांना त्या काळी मोठी मागणी होती. सौंदर्याचा आदर्श बाहुलीसारखाच होता. परंतु मुलगी आता तो पेहराव स्वतः शिवत होती. हा फरक महत्त्वाचा आहे.

याच सुमारास जपानी स्त्रियांचे हात दुसऱ्याच बाहुलीसाठीही राबत होते. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत रूथ हँडलर यांच्या ‘मॅटेल’ कंपनीने ‘बार्बी’ सादर केली. तिचे मूळ जर्मनीतील ‘बिल्ड लिली’ या बाहुलीत होते. किंमत तीन डॉलर होती. खरा नफा स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या कपड्यांत होता. वेशकार शार्लट जॉन्सन यांनी टोकियोत राहून हे कपडे तयार करवून घेतले. अस्तर, चिमुकली बटणे, बारीक टाके हे सर्व काम जपानमधील स्त्रिया, पुष्कळदा घरी बसून, अल्प मोबदल्यात करीत. जपानमधील मजुरी वाढल्यावर हे उत्पादन अन्य आशियाई देशांत हलवण्यात आले. अमेरिकन मुलीच्या हातातील बाहुलीच्या झग्यामागे पॅसिफिकपलीकडील शिवणाऱ्या स्त्रीचे श्रम होते. तिचे नाव मात्र कोठेही नव्हते.

१९६७ मध्ये ‘ताकारा’ या जपानी कंपनीने ‘लिक्का’ ही बाहुली बाजारात आणली. बार्बी प्रौढ स्त्रीच्या बांध्याची, तर लिक्का प्राथमिक शाळेच्या पाचव्या इयत्तेतील मुलगी. तिचा चेहरा शोजो चित्रकथांच्या वळणाचा आणि कथेप्रमाणे तिची आई वेशकार. झालरी, फिती आणि गोल गळपट्टी यांची आवड जपानी मुलींच्या एका संपूर्ण पिढीत या बाहुलीने रुजवली.

लोलिटा वेश : रचना आणि स्वरूप

लिक्काबरोबर वाढलेली पिढी तरुण झाली तेव्हा टोकियोच्या हाराजुकु भागात बाहुलीसारखे कपडे प्रौढ मापात मिळू लागले. १९७० मध्ये सुरू झालेले ‘मिल्क’, त्यानंतरचे ‘पिंक हाउस’ आणि १९८८ मध्ये स्थापन झालेले ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ ही यांतील ठळक नावे होत. १९९० च्या दशकात ‘लोलिटा’ या नावाने ओळखली जाणारी स्वतंत्र वेशशैली निश्चित झाली. २००१ मध्ये ‘गॉथिक अँड लोलिटा बायबल’ हे नियतकालिक सुरू झाले. नोबाला ताकेमोतो यांची ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’ ही कादंबरी (२००२) आणि तिच्यावरील चित्रपट (२००४) यांमुळे ही शैली जपानबाहेरही परिचित झाली.

या वेशाची जुळणी काटेकोर नियमांनी होते. तिला जपानीत ‘कोऑर्डिनेट’ या शब्दाच्या लघुरूपाने ‘कोदे’ म्हणतात. पायाभूत थर म्हणजे सैल चुणीदार चोळणा आणि फुगीर परकर. परकरामुळे वरच्या झग्याला घंटेचा वा उतरत्या घेराचा आकार येतो आणि संपूर्ण पेहरावाची बाह्यरेषा त्यावरच अवलंबून असते. त्यावर गोल गळपट्टीचा ब्लाउज आणि बिनबाह्यांचा झगा, किंवा बाह्यांसह सलग झगा. घेर गुडघ्यापर्यंत येतो. गळा व खांदे सहसा झाकलेले असतात. पायांत लेस लावलेले मोजे आणि पट्ट्याचे गोल टोकाचे बूट. डोक्यावर फीत, बॉनेट किंवा झालरीची पट्टी. केसांना पिळदार बटा. रंग दोन किंवा तीन एवढेच घेऊन ते डोक्यापासून बुटांपर्यंत पुन्हापुन्हा योजायचे असतात. ‘गोड’ प्रकारात गुलाबी, पांढरा, आकाशी हे रंग आणि मिठाई वा खेळण्यांची नक्षी. ‘गॉथिक’ प्रकारात काळा रंग व शोकवेशाची छटा. ‘अभिजात’ प्रकारात मळकट गुलाबी, तपकिरी रंग व फुलांची बारीक नक्षी आढळते. एखादा थर वगळल्यास पेहराव अपुरा मानला जातो. क्लॅपहॅम बाहुलीच्या थरांशी या रचनेचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे. अठराव्या शतकातील रोकोको आणि एकोणिसाव्या शतकातील बालवेश यांचे येथे मुक्त मिश्रण झाले आहे. अनेक वेशनिर्मात्यांनी पुढे बाहुल्यांच्या कंपन्यांशी सहकार्य करून आपल्या झग्यांच्या लघुआवृत्त्याही काढल्या. बाहुलीवरून घेतलेला वेश अशा प्रकारे पुन्हा बाहुलीकडे गेला.

अर्थनिर्णयाचा प्रश्न

या शैलीच्या नावानेच पहिला प्रश्न निर्माण होतो. व्लादिमिर नाबोकोव्ह यांच्या १९५५ च्या कादंबरीमुळे ‘लोलिटा’ हा शब्द पुरुषाच्या विकृत अभिलाषेशी जोडला गेला आहे. हा वेश घालणाऱ्या स्त्रिया मात्र तो पुरुषांच्या आकर्षणासाठी नसल्याचे सातत्याने सांगत आल्या आहेत. वेशाची रचना त्यांच्या म्हणण्याला पुष्टी देते: शरीराचे वळण झाकणारा, जवळ येणाऱ्याला घेरानेच दूर ठेवणारा असा हा पेहराव आहे. तथापि नाव त्यांच्या हाती राहिलेले नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रश्न प्रौढत्वाचा. शॅरन किन्सेला यांनी १९९५ मधील आपल्या लेखात जपानी तरुणांच्या ‘कावाइ’, म्हणजे गोंडसपणाच्या, संस्कृतीचा अर्थ प्रौढ समाजाच्या जबाबदाऱ्या नाकारणारे मूक बंड असा लावला. समान रोजगारसंधीचा कायदा जपानमध्ये १९८५ साली संमत झाला. परंतु नोकरीतील स्त्रीकडून विवाहानंतर घरी बसण्याची अपेक्षा लवकर संपली नाही. १९९० च्या दशकातील आर्थिक मंदीने ही कोंडी वाढवली. अशा परिस्थितीत कर्मचारी, पत्नी आणि माता या तिन्ही ठरीव भूमिकांबाहेर उभे राहण्याची जागा काही तरुणींना या वेशात सापडली. नोराने घर सोडून बाहुलीपण नाकारले. हाराजुकुतील तरुणीने समाजाने योजलेले प्रौढत्व नाकारण्यासाठी बाहुलीचे रूप धारण केले. दोघींची कृती परस्परविरुद्ध दिसली तरी ‘माझा वेश मी ठरवीन’ हा आग्रह समान आहे.

परंतु या प्रतिपादनाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. एका झग्याची किंमत साधारणतः वीस हजार येनपेक्षा अधिक असते आणि संपूर्ण जुळणीचा खर्च त्याहून पुष्कळ मोठा असतो. स्वयंनिर्णयाचे हे क्षेत्र अखेर बाजारपेठेच्या चौकटीत आहे. या संदर्भात ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’ची नायिका मोमोको हिचे चित्रण उद्बोधक ठरते. रोकोको काळाच्या स्वप्नात रमणारी ही मुलगी केवळ ग्राहक नाही. ती भरतकामात निपुण आहे आणि याच कौशल्यामुळे तिला आपल्या आवडत्या वेशनिर्मात्याकडे कामाची संधी चालून येते. ‘गॉथिक अँड लोलिटा बायबल’च्या अंकांतूनही शिवणकामाचे नमुने दिले जात. वेश परिधान करणारी आणि तो शिवणारी या दोघी जेथे एकच असतात, तेथे बाहुलीवेशाचा अर्थ पूर्णतः पालटतो.

तिसरा प्रश्न राज्यसंस्थेचा. २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने तीन तरुणींना ‘कावाइ दूत’ म्हणून नेमले. त्यांपैकी मिसाको आओकी लोलिटा वेशाचे प्रतिनिधित्व करीत होत्या. त्या पारिचारिका म्हणूनही काम करीत असत. समाजाच्या अपेक्षांपासून दूर जाण्यासाठी निवडलेला वेश राष्ट्राची प्रतिमा जगात नेण्यासाठी वापरला गेला. पांडोरा आणि १९२७ च्या मैत्रीबाहुल्या यांचे दूतकार्य आता जिवंत स्त्रीकडे आले. २०१२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने लोलिटा वेशावर प्रदर्शन भरवले. क्लॅपहॅम बाहुल्या ज्या संस्थेत आहेत, तेथेच त्यांच्या दूरच्या वारसदार पोहोचल्या. २०१७ मध्ये ‘फ्रूट्स’ आणि ‘गॉथिक अँड लोलिटा बायबल’ यांचे छापील अंक बंद झाले. वेश मात्र टिकून आहे. जपानबाहेरील अनेक देशांत तो स्वतः शिवून घालणाऱ्यांचे गट आहेत.

निष्कर्ष

१. युरोपात सुमारे चार शतके बाहुली हे वेशाच्या प्रसाराचे माध्यम होते. तिच्यामार्फत राजकीय प्रतिष्ठा, व्यापार आणि स्त्रियांच्या दिसण्याविषयीच्या अपेक्षा देशोदेशी पोहोचत.

२. बाहुलीवरील वुलस्टनक्राफ्ट, इब्सेन आणि किशिदा तोशिको यांची टीका मुख्यतः झालरीवर नव्हती. स्त्रीला पेटीत ठेवणाऱ्या आणि तिच्या वतीने निर्णय घेणाऱ्या व्यवस्थेवर ती होती.

३. जपानमधील लोलिटा वेश हा पाश्चात्त्य वेशाचे निव्वळ अनुकरण नाही. हिना परंपरा, शोजो मासिके, ‘फ्रेंच बाहुली’, नाकाहारांचे शिवण-मार्गदर्शन आणि लिक्का यांच्या साखळीतून तो घडला.

४. बाहुलीसारखा वेश स्वतःहून पराधीनतेचा वा स्वातंत्र्याचा ठरत नाही. निवड कोणाची, नजर कोणाची आणि सुई कोणाच्या हाती, यावरून त्याचा अर्थ ठरतो.

५. या इतिहासात राण्यांची, वेशकारांची आणि कंपन्यांची नावे राहिली. पांडोराचे झगे व बार्बीचे चिमुकले कपडे शिवणाऱ्या स्त्रियांची नावे नोंदली गेली नाहीत. स्त्रीवेशाच्या इतिहासाचे यापुढील लेखन शिवणाऱ्या हातांची दखल घेतल्याखेरीज पूर्ण होणार नाही.